राजा तसाच राहिला

या वीकएन्डला विषय जरा जड आहे. ‘राजकीय हिंसा आणि सत्तांतर’ यावर कुणी पीएचडी करत असेल, तर मी त्याला आधी आमच्या केनवडला यायला सांगेन.

का? केनवड रिसोड तालुक्यात. तालुक्याची दक्षिणेकडची हद्द ओलांडली की हिंगोली जिल्हा लागतो. १९४८ पर्यंत ही हद्द दोन राजवटींमधली होती. गंमत म्हणजे कागदोपत्री आमचा वऱ्हाडही निजामाचाच! पण १८५३ पासून कारभार इंग्रजांकडे, आणि १९०२ मध्ये तर वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा भाडेपट्टाच झाला. त्यामुळे १९४७ ला आम्ही स्वतंत्र झालो, पलीकडचे अडकले.

पुढचं आपण शाळेत शिकतो. कासिम रझवीच्या रझाकारांचे अत्याचार, १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य आत, १७ ला निजाम शरण. मराठवाडा मुक्त! धडा संपला.

पण संशोधकाचं काम इथून सुरू होतं. कुठलीही सिस्टीम बदलताना सगळ्यात धोक्याचा असतो तो मधला काळ. जुनी सत्ता पडलेली, नवी अजून गावात नीट पोचलेली नाही. त्या काळात सूड घेतला गेला. नेहरूंनी पाठवलेली पंडित सुंदरलाल समिती १९४८ च्या अखेरीस संस्थानातल्या १६ पैकी ९ जिल्ह्यांत फिरली. तिचा अंदाज : कमीत कमी २७ ते ४० हजार माणसं मेली. बहुतेक मुसलमान. उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांत सगळ्यात जास्त. काही ठिकाणी सैनिक आणि पोलिसांचाही हात होता, असं समितीने लिहिलं. जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणारे हिंदूही तिला भेटले. हा अहवाल सरकारने कित्येक दशकं प्रसिद्धच केला नाही.

आणि निजाम? तो १९५० मध्ये राजप्रमुख झाला, १९५६ पर्यंत राहिला. ज्याच्या नावाने राज्य चाललं त्याला मानाचं पद, आणि किंमत मोजली खेड्यातल्या विणकर-मजुरांनी.

१७ सप्टेंबरला झेंडावंदन जरूर व्हावं. रझाकारांशी लढताना लोकांनी जीव दिले, ते विसरायचं नाहीच. पण त्यानंतर मारले गेलेलेही त्याच गावांचे होते. त्यांचाही एक परिच्छेद धड्यात यायला हवा, एवढंच म्हणणं आहे.