शेल्टरमधून कुत्रा किंवा मांजर दत्तक घ्यायचंय? 'हो' म्हणण्याआधी हे वाचा

वारजे-माळवाडीतल्या कुठल्याही सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप घ्या. रात्री दहाच्या सुमाराला एक फोटो येतो. पुठ्ठ्याच्या खोक्यात चार पिल्लं आणि खाली मेसेज, 'अर्जंट! आज रात्रीच घर हवंय.' त्यावर हार्ट येतात, हात जोडलेले इमोजी येतात आणि कुणीतरी लिहितं, 'एक मी घेतो.' सगळ्यांना बरं वाटतं.

काही महिन्यांनी त्याच ग्रुपवर दुसरा मेसेज येतो. 'बदली झाली आहे, कुत्र्यासाठी चांगलं घर हवंय. स्वभावाने खूप गोड आहे.' यावेळी हार्ट कमी असतात आणि 'मी घेतो' म्हणणारं कुणी नसतं.

दत्तक घेणं चांगलंच आहे, त्यात वाद नाही. पण दत्तक घेऊन परत सोडलेल्या प्राण्याची अवस्था रस्त्यावरच्या प्राण्यापेक्षाही वाईट होते. ती का होते आणि ती टाळायची कशी, ते सविस्तर समजून घेऊया.

रस्त्यावरचा कुत्रा आणि 'सोडून दिलेला' कुत्रा, फरक काय?

आपल्या गल्लीतल्या कुत्र्याला त्याची जागा माहीत असते. कुठे खायला मिळतं, कुठली गाडी टाळायची, शेजारच्या गल्लीतल्या टोळीची हद्द कुठे सुरू होते, हे सगळं तो लहानपणापासून शिकलेला असतो. कायद्यानेही या जागेची दखल घेतली आहे. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने प्राणी जन्म नियंत्रण नियम, म्हणजे एबीसी रूल्स, नव्याने आणले. त्यानुसार भटक्या कुत्र्याची नसबंदी आणि रेबीजचं लसीकरण करून त्याला जिथून उचललं तिथेच परत सोडायचं असतं. कानाला छोटी खाच असलेला कुत्रा दिसला, तर त्याची नसबंदी झाली आहे असं समजायचं.

घरात वाढलेल्या कुत्र्याकडे यातलं काहीच नसतं. त्याला हद्द नसते, टोळी नसते आणि अन्न शोधायची सवयही नसते. वारजेसारख्या भागात, जिथे मुंबई-बंगळुरू महामार्ग वस्तीच्या मधून जातो, तिथे घाबरून पळणारा कुत्रा किती वेळ टिकेल याचा अंदाज तुम्हीच करा.

सर्वोच्च न्यायालयानेही याच मुद्द्यावर बोट ठेवलं आहे. दिल्ली परिसरातल्या भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात न्यायालयाने सांगितलं की प्राणिप्रेमींना महापालिकेकडे अर्ज करून कुत्रे दत्तक घेता येतील, पण दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ ला शाळा, रुग्णालयं, बस स्थानकं, रेल्वे स्टेशन अशा ठिकाणांहून कुत्रे हलवून शेल्टरमध्ये ठेवण्याचा आणि त्यांना तिथे परत न सोडण्याचा आदेश आला. म्हणजे शेल्टरवरचा भार वाढणार. अशा वेळी प्रत्येक चांगलं घर मोलाचं आहे आणि परत आलेला प्रत्येक प्राणी एका दुसऱ्या प्राण्याची जागा अडवतो.

वारजेतून कुठे जायचं?

सगळ्यात जवळची मोठी संस्था बावधनमध्ये आहे, रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट. २००७ मध्ये सुरू झालेली ही संस्था जखमी आणि आजारी प्राण्यांवर उपचार करते आणि कुत्र्या-मांजरांना घरही मिळवून देते. मुंढव्याला ब्लू क्रॉस सोसायटी ऑफ पुणे आहे. यांशिवाय शहरात छोटे गट आणि घरातच प्राणी सांभाळणारे फॉस्टर बरेच आहेत. थेट जाण्याआधी फोन किंवा मेसेज करा.

साधारण प्रक्रिया अशी असते:

- आधी फॉर्म भरायचा. घर स्वतःचं की भाड्याचं, घरात कोण कोण आहे, प्राणी दिवसभर किती तास एकटा राहील, असे प्रश्न असतात.
- ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो.
- प्राण्याला एक-दोनदा भेटायचं. घरातल्या सगळ्यांनी भेटलेलं उत्तम.
- अनेक संस्था घर पाहायला येतात किंवा व्हिडिओ कॉल करतात.
- दत्तक करारावर सही होते. नसबंदी करून घेईन, प्राणी दुसऱ्याला परस्पर देणार नाही, अशा अटी त्यात असतात.
- नंतर काही महिने फोटो किंवा फोनवरून चौकशी होते.

'फुकट कुत्रा घेतोय तर इतकी चौकशी कशाला?' असं अनेकांना वाटतं. पण हे प्रश्न विचारणारी संस्था चांगली समजा. पाच मिनिटांत पिल्लू हातात देऊन मोकळं होणाऱ्यापासून सावध राहा.

आणखी एक गोष्ट. रस्त्याकडेला पिल्लं दिसली की ती लगेच उचलू नका. बऱ्याचदा आई जवळपास अन्न शोधायला गेलेली असते. पिल्लं किमान आठ आठवड्यांची होईपर्यंत आईजवळ राहणं गरजेचं असतं. लांबून लक्ष ठेवा आणि आई खरंच येत नसेल, तर संस्थेला कळवा.

घरात आधी काय ठरवायचं?

देशी कुत्रा नीट सांभाळला तर १२ ते १४ वर्षं सहज जगतो. घरातलं मांजर १५ वर्षंही जगतं. आता हिशोब करा. कुत्र्याला दिवसातून दोनदा फिरवायचं म्हणजे वर्षाला ७३० फेऱ्या. त्या पावसातही होणार, तुमचं डोकं दुखत असतानाही आणि ऑफिसचा रिव्ह्यू असलेल्या दिवशीही.

भाड्याच्या घरात राहत असाल, तर ११ महिन्यांच्या कराराच्या हिशोबाने १२ वर्षांत साधारण १३ करार होतात. म्हणजे १३ वेळा घरमालकाला 'माझ्याकडे कुत्रा आहे' हे सांगावं लागेल. वारजे, कर्वेनगर, शिवणे भागात नोकरी आणि शिक्षणासाठी आलेली तरुण मंडळी भरपूर आहेत. त्यांच्यासाठी हा प्रश्न सगळ्यात मोठा.

म्हणून या पाच प्रश्नांची उत्तरं घरच्यांबरोबर बसून आधीच काढा:

१. सकाळी कोण फिरवणार, संध्याकाळी कोण?
२. दिवाळीला गावी गेलो तर तो कुठे राहणार?
३. नोकरी बदलली, लग्न झालं, बाळ झालं, तर काय?
४. अचानक ऑपरेशनचा खर्च आला तर पैसे कुठून येणार?
५. घरातल्या कुणाला अ‍ॅलर्जी किंवा भीती आहे का?

एकाही प्रश्नावर 'बघू तेव्हा' असं उत्तर आलं, तर थांबा. 'आई बघेल' हे उत्तरसुद्धा आईला विचारल्याशिवाय देऊ नका.

सोसायटी नाही म्हणू शकते का?

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २६ फेब्रुवारी २०१५ च्या परिपत्रकात सांगितलंय की सोसायटी पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालू शकत नाही, अगदी बहुमताने ठराव केला तरी. लिफ्टमधून नेण्यावर बंदी किंवा त्यासाठी वेगळे पैसे घेणंही चुकीचं आहे.

पण तुमचीही बाजू आहे. जिन्यात आणि आवारात कुत्रा पट्ट्याशिवाय सोडू नका. घाण केली तर ती स्वतः उचला. लिफ्टमध्ये आधीच कुणी घाबरणारं उभं असेल, तर पुढच्या फेरीने जा. कायदा तोंडपाठ असलेल्या मालकापेक्षा खिशात पिशवी असलेल्या मालकाशी शेजारी जास्त चांगले वागतात.

घरमालकाशी होणारा करार हा वेगळा विषय. त्यात प्राण्यांना मनाई लिहिलेली असेल, तर सही करण्याआधी बोला आणि परवानगी लेखी घ्या.

पिल्लू घ्यावं की मोठा कुत्रा?

रीलमध्ये पिल्लं छान दिसतात. प्रत्यक्षात ती चपला चावतात, रात्री रडतात आणि दर दोन-तीन तासांनी शू करतात. घरात दिवसभर कुणी नसेल, तर पिल्लू घेऊ नका.

दोन-तीन वर्षांचा कुत्रा घेण्याचा मोठा फायदा म्हणजे तुम्हाला त्याचा स्वभाव आधीच कळतो. तो मुलांशी कसा वागतो, मांजराला पाहून काय करतो, एकटा राहतो का, हे सांभाळणारे लोक सांगू शकतात. देशी कुत्र्यांचे आखूड केस आपल्याकडच्या उन्हाळ्यालाही जमतात.

फ्लॅट लहान असेल आणि वेळ कमी असेल, तर मांजराचा विचार करा. शक्य असेल तर एकमेकांची सवय असलेली दोन मांजरं. पण आधी खिडक्या आणि गॅलरीला जाळी लावा. 'मांजर पडत नाही' हा गैरसमज आहे. कबुतराच्या मागे वरच्या मजल्यांवरून मांजरं पडतात.

पहिले तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने

प्राणी सांभाळणारे लोक हा ठोकताळा वापरतात. पहिले तीन दिवस प्राणी घाबरलेला असतो. खात नाही, पलंगाखाली बसतो. तीन आठवड्यांत त्याला घराचं वेळापत्रक कळतं. तीन महिन्यांत त्याला वाटायला लागतं की हे आपलंच घर आहे. बरेच प्राणी पहिल्या काही आठवड्यांतच परत केले जातात, म्हणजे त्यांचा खरा स्वभाव दिसण्याच्याही आधी.

या काळात काय करायचं?

- एक शांत कोपरा, पाणी आणि जुनी चादर द्या. पाहुणे बोलावू नका.
- पट्टा सोडू नका. नवा कुत्रा पळण्याचा धोका सुरुवातीलाच जास्त असतो. गळपट्ट्याबरोबर हार्नेसही वापरा आणि दोन्हीला पट्टा लावा.
- गळपट्ट्यावर तुमचा मोबाइल नंबर असलेला बिल्ला पहिल्याच दिवशी लावा.
- खाणं अचानक बदलू नका. शेल्टरमध्ये जे खात होता, तेच काही दिवस द्या.
- लहान मुलांना त्याच्याजवळ एकटं सोडू नका. जेवताना आणि झोपेत त्याला हात लावू द्यायचा नाही.

लस, नसबंदी आणि परवाना

पहिल्या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा आणि शेल्टरने दिलेलं लसीकरणाचं पुस्तक बरोबर न्या. पिल्लांना पार्वो आणि डिस्टेंपरवरच्या लसी साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि ठरावीक अंतराने पुन्हा द्याव्या लागतात. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयापासून देतात. पुढचे डोस डॉक्टर सांगतील त्या तारखांना चुकवू नका. जंताचं औषध आणि गोचिडांपासून संरक्षणही तितकंच महत्त्वाचं. गोचीड ताप आपल्याकडे सर्रास आढळतो.

नसबंदीबद्दल 'एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत' असं घरोघरी ऐकू येतं. याला वैद्यकीय आधार नाही. मांजर चार-पाच महिन्यांतच गाभण राहू शकतं आणि त्यानंतर साधारण नऊ आठवड्यांत पिल्लं होतात. त्या पिल्लांचे फोटो मग कुठल्या ग्रुपवर येतात, हे आपण सुरुवातीला पाहिलंच.

पुणे महापालिकेच्या हद्दीत कुत्रा पाळायला महापालिकेचा परवाना लागतो. त्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला जपून ठेवा. खर्चाची अडचण असेल, तर औंधला सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे.

खायला काय द्यायचं, काय नाही?

नुसत्या दूध-पोळीवर कुत्रा जगतो, पण नीट वाढत नाही. त्याला प्रथिनं लागतात. घरचं द्यायचं असेल, तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. मोठ्या मांजरांना दूध बऱ्याचदा पचत नाही.

आपल्या स्वयंपाकघरातल्या या गोष्टी धोक्याच्या आहेत: कांदा-लसणाचं वाटण घातलेला रस्सा, द्राक्षं आणि मनुका (म्हणजे प्रसादाचा शिरासुद्धा), चॉकलेट आणि चिकनची शिजलेली हाडं. माणसांच्या गोळ्या स्वतःच्या मनाने कधीही देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

आणि नाहीच जमलं तर?

असं होऊ शकतं. त्यात लपवण्यासारखं काही नाही. जिथून प्राणी आणला त्या संस्थेला आधी कळवा. अनेक करारांमध्ये ही अट असतेच. भुंकणं, चावणं, घरात घाण करणं यातल्या बऱ्याच गोष्टींवर ट्रेनर किंवा डॉक्टरांच्या मदतीने उपाय निघतो. दुसरं घर मिळेपर्यंत प्राणी तुमच्याकडेच राहील, एवढं मात्र पक्कं ठेवा.

प्राण्याची उपासमार होईल अशा अवस्थेत त्याला सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही १० ते ५० रुपये. वडापावच्या दोन-तीन प्लेट इतका. त्यामुळे कायद्याच्या भीतीने कुणी थांबेल अशी आशा ठेवण्यात अर्थ नाही. निर्णय आधीच नीट घ्यायला हवा.

याबाबतीत रतन टाटांचं उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्यांचा 'गोवा' हा कुत्रा गोव्यात रस्त्यावर सापडलेला आणि बॉम्बे हाऊसमध्ये वाढलेला. बेघर कुत्र्यांना घर मिळावं म्हणून ते स्वतः इन्स्टाग्रामवर आवाहन करायचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांच्या निधनानंतर मृत्युपत्राच्या ज्या बातम्या आल्या, त्यात टिटो या त्यांच्या कुत्र्याच्या देखभालीची तरतूद असल्याचंही होतं. आपल्याकडे त्यांच्याइतका पैसा नाही, पण 'माझ्यानंतर याचं कोण बघणार' हा प्रश्न आपणही विचारू शकतो. एखाद्या भावाला, मैत्रिणीला आधी विचारून ठेवायला काहीच खर्च येत नाही.

आत्ता दत्तक घेणं शक्य नसेल, तर काही आठवडे फॉस्टर करा, रविवारी शेल्टरमध्ये कुत्रे फिरवायला जा किंवा एखाद्या प्राण्याच्या औषधांचा खर्च उचला. आणि पुढच्या वेळी ग्रुपवर खोक्यातल्या पिल्लांचा फोटो आला की 'मी घेतो' लिहिण्याआधी वरचे पाच प्रश्न घरात विचारा. उत्तरं मिळाली, तर बिनधास्त लिहा.