जिना सर्वांचा

शाळेंत मीं तीस वर्षें इतिहास शिकविला. त्यांत राजे होते, लढाया होत्या, तह होते. पण ज्या जिन्यानें आपण रोज चढतों-उतरतों, त्याचा इतिहास कोणत्याच क्रमिक पुस्तकांत नव्हता. आज मी त्या जिन्याविषयींच बोलणार आहें. मुंबईच्या इमारतींत राहणाऱ्या माणसाच्या बिऱ्हाडापर्यंत बाहेरच्या जगाची तार कशी पोंचली, हा आजचा विषय.

मुंबईंत टेलिफोन आला १८८२ सालीं. १८८५ च्या तारायंत्राच्या कायद्यानें तारा चालविण्याचा अनन्य अधिकार सरकारनें आपल्याकडे ठेवला. कंपन्यांस तो परवान्यानें मिळे. १९४३ सालीं मुंबईचा टेलिफोन सरकारनें ताब्यांत घेतला, व १९८६ मध्यें तो महानगर टेलिफोन निगमाकडे गेला. या काळांत तांब्याच्या तारेची एक जोडी जिन्याच्या भिंतीवरून ग्राहकाच्या दारापर्यंत येई. ती कोणाकडून घ्यावी हा प्रश्न बिऱ्हाडकरूपुढें नव्हताच. देणारा एकच होता. अर्ज करावा आणि वर्षानुवर्षें वाट पाहावी, एवढेंच त्याच्या हातीं होतें.

दुसरी तार जिन्यानें आली नाहीं, ती गच्चीवरून आली. १९९१ सालीं आखाती युद्धाचीं चित्रें उपग्रहावरून दिसूं लागलीं, आणि केबलवाल्यांनीं एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर काळ्या तारा फेंकल्या. त्यांच्यासाठीं कायदा झाला तो १९९५ मध्यें. एक गल्ली एकाची, पुढची दुसऱ्याची, अशी वांटणी बहुधा असे. ग्राहकास निवड नसे.

त्याच वर्षीं १५ ऑगस्टला विदेश संचार निगमानें इंटरनेट सामान्य माणसास खुलें केलें. वेग सेकंदाला जेमतेम ९.६ किलोबिट, आणि तें चालूं असेपर्यंत घरचा टेलिफोन अडकलेला. २००४ च्या सरकारी धोरणानें सेकंदाला किमान २५६ किलोबिट वेगाच्या अखंड जोडणीस ‘ब्रॉडबँड’ म्हटलें. ती किमान मर्यादा २०२३ मध्यें २ मेगाबिट झाली. बोलण्याचा आवाज खालच्या कंपनसंख्येवर व माहिती वरच्या कंपनसंख्येवर, अशा युक्तीनें जुनीच तांब्याची तार दोन्ही कामें करूं लागली. केंद्रापासून घर दूर असलें तर मात्र वेग मंदावे. केबलवाल्यांनींही आपल्या गच्चीच्या वाटेनें इंटरनेट आणून दिलें. पुढें कांचेचा तंतु आला. त्यांतून प्रकाश धांवतो, व एका तंतूवरचा प्रकाश इमारतींतील पेटीपाशीं विभागून अनेक घरांस देतां येतो.

अशा रीतीनें देणारे अनेक झाले, पण जिना एकच राहिला. १९६० च्या सहकारी संस्थांच्या कायद्याखालीं नोंदलेल्या गृहनिर्माण संस्थांत जिना व गच्ची सामायिक असतात, आणि कारभार कार्यकारी समिति पाहते. म्हणजे तारेस आंत घ्यावें कीं नाहीं, याची किल्ली पांच-सात माणसांच्या हातीं आली.

येथें मला स्वतःचा एक दोष सांगितला पाहिजे. मी आमच्या संस्थेचा चिटणीस असतांना एका कंपनीचा माणूस आला. आमच्याशिवाय कोणास आंत घेऊं नका, आम्हीं दरवर्षीं संस्थेच्या निधींत रक्कम भरूं, असें तो म्हणाला. गच्चीच्या गळतीसाठीं पैसे हवेच होते. ठराव झाला, आणि त्याखालीं माझी सही झाली. २०२० च्या मार्चांत टाळेबंदी आली, शाळा पडद्यावर भरूं लागल्या, आणि नेमकी तेव्हां आमची जोडणी कित्येक दिवस बंद पडली. तिसऱ्या मजल्यावरची दहावीची मुलगी मोबाइलला संदेश पकडावा म्हणून जिन्याच्या पायरीवर वही मांडून बसे. दुसऱ्या एका कंपनीचा तंतु आमच्या फाटकासमोरूनच गेला होता; पण त्यास मींच दार लावलें होतें. वर्गांत आयुष्यभर मुलांना समोर बसविणाऱ्या माणसास त्या पायरीवरून खालीं उतरणें जड झालें. पुढच्या सर्वसाधारण सभेंत मीं स्वतःच तो ठराव रद्द करण्याची सूचना मांडली, व ती मंजूर झाली.

आमचाच दोष असा होता असें नाहीं. इमारतींतील असे एकाधिकार थांबावेत, एकाच सामायिक नळींतून सर्वांस वाट मिळावी, अशा शिफारशी दूरसंचार नियामक प्राधिकरणानें २०१७ सालीं केल्या. आणि २०२४ मध्यें जोडणीच्या सोयीवरून इमारतींस दर्जा देण्याचे नियम काढले. हीं पावलें चांगलीं आहेत. परंतु नियम फाटकापर्यंत येतो. आंतला निर्णय शेजाऱ्यांनींच घ्यावयाचा असतो.

म्हणून माझी विनंती एवढीच. आपल्या संस्थेच्या पुढच्या सभेंत विचारा, कीं तारेसाठीं ठेवलेली नळी कोठें आहे, ती कोणास दिली आहे, आणि कोणत्या अटीवर. उत्तर चिटणिसानें लेखी द्यावें. मला तें कोणी वेळींच विचारलें असतें, तर बरें झालें असतें.