सुपर बोलच्या फराळातील तेल

अमेरिकन फुटबॉलच्या ‘सुपर बोल’ या अंतिम सामन्याला १९६७ मध्ये प्रारंभ झाला. मात्र तो पाहताना घरोघरी जे खाल्ले जाते, त्यातील प्रमुख पदार्थ त्याआधीच जन्मले होते. नाचोज, म्हणजे मक्याच्या टॉर्टियाच्या तळलेल्या तुकड्यांवर चीज व मिरची घालून केलेला पदार्थ, १९४३ च्या सुमारास मेक्सिकोतील पिएद्रास नेग्रास या सीमेवरील गावी इग्नासिओ अनाया यांनी तयार केला, तर तळून लोणी व तिखट सॉसमध्ये घोळवलेल्या कोंबडीच्या पंखांचे श्रेय बफेलो येथील अँकर बारच्या टेरेसा बेलिसिमो यांना व १९६४ या वर्षाला दिले जाते. दोन्हींचा प्राण तळणात असल्यामुळे ते आरोग्यदायी करण्याचा प्रश्न हा मुळात तेलाचा प्रश्न ठरला.

कारखान्यांनी त्याचे उत्तर प्रथम रसायनशास्त्रात शोधले. साखरेच्या रेणूला मेदाम्ले जोडून केलेले ‘ओलेस्ट्रा’ हे द्रव्य तळणात तेलासारखेच वागते, परंतु पाचकरसांना ते फोडता येत नसल्याने त्यापासून उष्मांक मिळत नाहीत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९६ मध्ये त्याला मान्यता दिली आणि १९९८ मध्ये त्यात तळलेले चिप्स देशभर विकले जाऊ लागले. मात्र पोट बिघडण्याचा संभव आणि अ, ड, ई व के या मेदात विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांच्या शोषणातील अडथळा यांची सूचना पाकिटावरच छापावी लागली, आणि आरंभीचा खप लवकरच ओसरला. खाण्याची रीत तशीच ठेवून केवळ तिचे परिणाम टाळू पाहणारा हा प्रयत्न मुळातच चुकीच्या दिशेचा होता.

अधिक टिकाऊ बदल व्यापाराच्या वाटेने आला. बियांतील किडीच्या भीतीने १९१४ पासून मेक्सिकोच्या अव्होकॅडोवर असलेली बंदी १९९७ मध्ये अंशतः उठली आणि मिचोआकान राज्यातील फळांना अमेरिकेच्या ईशान्य भागात केवळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळापुरता प्रवेश मिळाला. सुपर बोल त्याच हंगामात येत असल्याने अव्होकॅडोचा गर, कांदा, मिरची व लिंबू यांचे ग्वाकामोले हे तोंडीलावणे चीज सॉसच्या शेजारी स्थिरावले. त्यातही स्निग्धांश भरपूर असतो, पण तो मुख्यतः हृदयाला मानवणाऱ्या एकअसंतृप्त प्रकारचा असतो. पंखांच्या बाबतीत तर कातडीखालची चरबी वितळूनच कुरकुरीतपणा येत असल्याने ओव्हन, आणि २०१० नंतर गरम हवा वेगाने खेळवणारा एअर फ्रायर, यांत वेगळ्या तेलाची गरजच उरली नाही.

घरच्या स्वयंपाकात न सुटणारा भाग कायद्याने सोडवला. तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट व टिकाऊ करण्याची जी क्रिया भारतात वनस्पती तुपामुळे परिचित आहे, तीच अर्धवट केली असता ट्रान्स मेदाम्ले निर्माण होतात. त्यांनी हृदयविकाराचा धोका वाढतो हे स्पष्ट झाल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्ये अशी तेले सुरक्षित मानण्याचे नाकारले आणि २०१८ पासून उत्पादकांना ती अन्नात घालणे थांबवावे लागले.