तांड्यातल्या आजीची विद्या

वय झाल्यावर गाणे, नाच, भरतकाम ही हौस कशाला, असे आपल्याकडे सहज बोलले जाते. मला याचे उत्तर बंजारा समाजाच्या इतिहासात सापडते. वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात पोहरादेवी येथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. रामनवमीच्या यात्रेला देशभरातले बंजारा भाविक तेथे जमतात.

एके काळी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून हे तांडे मुलुखभर फिरत, फौजांना रसद पुरवत. १८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली. पुढे रेल्वेचे जाळे पसरले आणि बैलांवरचा व्यापार बसला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची झळही काही भागांतल्या तांड्यांना बसली. हा कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले.

व्यापार गेला, तरी सुई आणि गळा शाबूत राहिला. गोर बोलीला स्वतःची लिपी नाही, त्यामुळे समाजाची पोथी म्हणजे वडीलधाऱ्यांची आठवण. सासरी जाणाऱ्या नवरीला ढावलो शिकवायचा तो जाणत्या बायांनी. होळीच्या लेंगीतली गाणी, फेटिया-कांचळीवरचे आरसे-कवड्यांचे काम, हे सारे लेकी-सुनांनी त्यांच्याकडूनच घ्यायचे. म्हातारपणी हातचे काम सुटले तरी आजीचे मोल घटत नसे, कारण तिच्यावाचून लग्न आणि सण अडत.

अमेरिकेत ७५ वर्षांवरील ४६९ जणांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. नाचणाऱ्या आणि वाद्य वाजवणाऱ्या वृद्धांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. हा कलेचाच परिणाम, असे त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. मुळात प्रकृती चांगली असणारेच नाचतात, असेही असू शकेल. मात्र जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा कला आरोग्याला उपकारक ठरतात असेच दिसले.

पोहरादेवीत ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. ही आनंदाची गोष्ट आहे. पण काचेआडच्या फेटियाला टाका कसा घातला, हे विचारता येत नाही. लग्नात ढावलोच्या जागी डीजे आला की गाणे तर हरवतेच, शिवाय ते शिकवणारी आजी कोपऱ्यात एकटी पडते. औषधगोळ्या वेळेवर द्याव्यातच. त्याबरोबर घरातल्या वडीलधाऱ्यांकडे एखादे गाणे, एखादा टाका शिकायला बसावे. आपली कुणाला तरी गरज आहे, ही जाणीव म्हातारपणी मोठा आधार असते.