वस्तऱ्यावरचे नाव

भेट द्यायची आणि तिच्यावर नाव घालायचे नाही, हे आपल्या घरांतून सहसा होत नाही. फराळासाठी फडताळातून काढलेला कोणताही जुना डबा फिरवून पाहा. काठाशी बारीक ठिपक्यांनी मामाचे नाहीतर आत्याचे नाव आणि एखादी तारीख कोरलेली असतेच. देणारा जातो, घेणारा जातो. नाव मात्र राखेने घासले तरी टिकून राहते. पण नाव घातलेला वस्तरा कोणी कोणाला भेट दिल्याचे वाचकांनी कधी ऐकले आहे काय?

मी तो मुद्दाम करवून घेतला. रत्नागिरीतील आमच्या आळीचे नाभिक तात्या आपले दुकान मुलाच्या स्वाधीन करणार होते. हेडमास्तरांपुढे न वाकणारी माझी मान वीस वर्षे त्यांच्यापुढे निमूटपणे वाकत आली आहे. मुलगा आता एकदा वापरून टाकून द्यायचे अर्धे ब्लेड लावतो. तेव्हा हा वस्तरा कामासाठी नव्हे, आठवणीसाठी. तो घेऊन मी भांड्यांवर नावे घालणाऱ्याकडे गेलो. त्याने पाते उजेडात फिरवून पाहिले आणि परत दिले. “गुरुजी, पितळ सांगा, तांबे सांगा. ह्याला माझी छिन्नी लागायची नाही.”

त्याचे म्हणणे खरे होते. वस्तऱ्याचे पोलाद लाल होईपर्यंत तापवतात, एकदम थंड करतात आणि मग बेताची ऊब देऊन त्याचा ठिसूळपणा घालवतात. एवढे झाल्यावर ते साध्या छिन्नीला दाद देत नाही. म्हणून कारखानदार आपले नाव पात्यामागच्या दांड्यावर, पोलाद मऊ असतानाच, ठशाने उठवून घेतो. तयार पात्यावर अक्षरे हवीच असतील, तर त्यावर मेणाचा लेप देतात, अक्षरापुरता तो खरवडतात आणि उघड्या जागी तेजाब सोडतात. आम्ही सोपी वाट धरली. मुठीवर पितळेची पट्टी बसवली आणि तिच्यावर नाव घातले. तेही तात्यांचे नव्हे. “माझे नको, वडलांचे घाला. हात त्यांनी दिला,” असे ते म्हणाले.

त्या एका वाक्याने माझे मन इतिहासाकडे वळले. जुन्या धोपट्यांतून निघणाऱ्या वस्तऱ्यांवर इंग्लंडातील शेफील्ड किंवा जर्मनीतील झोलिंगेन ही गावे वाचायला मिळतात. नाव परदेशचे, पण विलायती पोलादाच्या कथेतले एक प्रकरण आपल्या मुलखातून गेलेले आहे. दक्षिणेतील लोहार मातीच्या बंद मुशीत लोखंड आणि लाकूडपाला घालून, भट्टीत तापवून, उत्कृष्ट पोलाद तयार करीत. कानडीत पोलादाला ‘उक्कु’ म्हणतात; इंग्रजांनी त्याचे ‘वूट्झ’ केले. मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी १७९४ च्या सुमारास त्याचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. १७९५ साली जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध प्रसिद्ध केला. वस्तरे व शस्त्रक्रियेची हत्यारे करणारा लंडनचा कारागीर जेम्स स्टोडार्ट तर या पोलादावर इतका खूष झाला की, युरोपातील उत्तमोत्तम पोलादाहून आपण हेच पसंत करतो, असे त्याने जाहिरातीत छापले.

त्याच्या जोडीला प्रयोगाला उभा राहिला मायकेल फॅरडे, एका लोहाराचाच मुलगा. वूट्झचे मर्म शोधता शोधता दोघांनी पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम मिसळून पाहिले आणि १८२० व १८२२ साली आपले निष्कर्ष छापले. गंमत अशी की, विजेच्या शोधांनी जगाला दिपवणारा हा शास्त्रज्ञ पुढे आपल्या मित्रांना अशा मिश्र पोलादाचे वस्तरे भेट म्हणून देत असे! फॅरडेचे नाव राहिले, स्टोडार्टचे राहिले, स्कॉटचेही राहिले. ज्याने मुशीपुढे घाम गाळला, त्या लोहाराचे नाव मात्र या निबंधांबरोबर आपल्यापर्यंत आले नाही.

जी गत पोलाद करणाऱ्याची, तीच ते हाती धरणाऱ्याची. वस्तऱ्याने आपल्या समाजात केवळ दाढ्याच केल्या असे नाही. विधवांचे केशवपनही त्यानेच केले. आमच्या जिल्ह्यातील देवरुखची गोदूबाई जोशी लहानपणीच विधवा झाली आणि तिच्याही वाट्याला ते आले. पुढे १८९३ साली मुरूडच्या धोंडो केशव कर्वे यांनी तिच्याशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. त्याबद्दल मुरूडकरांनी कर्व्यांना वाळीत टाकले, हे सर्वश्रुत आहे.

त्याच्या तीन वर्षे आधी, १८९० साली, मुंबईच्या नाभिकांनी एक सभा भरवली होती. पुढाकार होता ‘दीनबंधु’चे संपादक आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा. विधवेच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असे त्या सभेत ठरले. ही माणसे हातावर पोट असलेली. धोपटी उघडली तरच त्यांची चूल पेटायची, आणि धर्माचे नाव सांगणारे यजमान त्यांच्याहून बलवान. तरीही एका कामापुरती त्यांनी धोपटी मिटली.

लोखंड्यांचे नाव पुस्तकांत आहे आणि ते असायलाच हवे. सभेला बसलेल्या त्या माणसांची नावे मात्र आपल्या मुलांच्या धड्यांत नाहीत. वस्तरा चालवणारे हात आपल्याकडे पुष्कळ झाले. तो खाली ठेवणाऱ्या हातांनी कितीएक लेकीबाळींची लाज आणि केस राखले. त्या हातांची आठवण आपण ठेवली पाहिजे.