अखत्यार कुणाचा, जबाब कुणाचा?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सरकारी कचेरीतली मराठी जरा कान देऊन ऐका. दफ्तर, मंजुरी, खर्च, हिशेब, शिक्का, शिरस्ता. फारसी-अरबी मुलखातून आलेले हे शब्द आता आपल्या घरचेच झाले आहेत. त्यातलेच दोन शब्द आज मला हवे आहेत. एक अखत्यार, म्हणजे ठरवण्याचा हक्क. दुसरा जबाबदार, म्हणजे ज्याला जबाब द्यायचा आहे तो. सरकारच्या पैशातून वस्तू कोणी विकत घ्यायची, किती रकमेपर्यंत घ्यायची आणि त्यापुढे कुणाची परवानगी काढायची, हे सारे नियम या दोन शब्दांच्या मध्ये मावतात. शासनाच्या भाषेत याला 'वित्तीय अधिकारांचे प्रत्यायोजन' म्हणतात. शब्द जड आहे, गोष्ट साधी आहे. मालक कारभाऱ्याच्या हाती थैली देतो, पण थैलीला गाठ मारून देतो.

विषय रुक्ष वाटेल. म्हणून तो आपण अजिंठ्याच्या डोंगरात नेऊन पाहू.

वाघूर नदीच्या वळणावरची ही लेणी बघताना आपण चित्रकाराला दाद देतो. पण छिन्नी, दिव्याचे तेल, रंग, मजुरांचे धान्य यांचा खर्च कोण मंजूर करीत होता? पाचव्या शतकातले सोळावे लेणे वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने करविले, असे तिथला शिलालेख सांगतो. सव्विसाव्या लेण्याचा लेख तर आपल्या विषयाच्या अगदी जवळचा आहे. ते लेणे बुद्धभद्र नावाच्या भिक्षूचे. काम त्याच्या नावाचे, पण ते त्याच्या वतीने धर्मदत्त नावाच्या भिक्षूने आणि भद्रबंधू या शिष्याने पार पाडले, अशी नोंद दगडात कोरलेली आहे. अधिकार सोपवला, काम झाले आणि ज्यांच्यावर सोपवला त्यांची नावे सर्वांसमोर लिहून ठेवली. दीड हजार वर्षांपूर्वीचा हा शिरस्ता मला मोलाचा वाटतो. सोपवलेला अधिकार निनावी नसावा, हे त्यातून शिकावे.

आता एकोणिसाव्या शतकात येऊ. १८४४ मध्ये मद्रास फौजेतला अधिकारी रॉबर्ट गिल याला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमले गेले. लेणी निजामाच्या मुलखात, अधिकारी मद्रासचा आणि खर्चाची अंतिम मुखत्यारी लंडनमध्ये बसलेल्या कंपनीच्या संचालकांकडे. पत्र समुद्रापार जायचे आणि उत्तर तसेच परतायचे. एवढ्या कष्टाने तयार झालेली गिलची चित्रे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली गेली आणि १८६६ च्या डिसेंबरात लागलेल्या आगीत त्यातली बहुतेक जळाली. पुढे १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स पेस्तनजी बोमनजींसारख्या विद्यार्थ्यांना घेऊन इथे येऊ लागले. या वेळी पैसा मुंबई सरकारचा होता. त्या चित्रांपैकीही पुष्कळ चित्रे १८८५ मध्ये लंडनमधल्याच आगीत गेली. दोन्ही वेळा खरेदी रीतसर, मंजुरी रीतसर. पण वस्तू हाती आल्यावर ती कुठे ठेवायची आणि कशी जपायची, याचा निर्णय मूळ भिंतीपासून हजारो मैलांवर होत होता.

हैदराबाद संस्थानाने १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते काढले आणि गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले. अजिंठ्याच्या भिंतींवरून रंगाचे पापुद्रे सुटत होते. ते जागेवर बसवण्याचे कसब इथे कुणाकडे नव्हते. तेव्हा इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि त्यांचे सहकारी ओर्सिनी यांना बोलावण्यात आले. १९२० पासून दोन हिवाळे त्यांनी काम केले. खर्च निजाम सरकारने उचलला. अकबर हैदरी हे संस्थानातले वजनदार अधिकारी या कामाच्या पाठीशी होते, आणि ते मूळचे हिशेबखात्याचे होते. हिशेबनीस म्हणजे नन्नाचा पाढा, अशी आपली समजूत असते. पैसा कुठे अडवायचा हे ज्याला कळते, तो कुठे सोडायचा हेही जाणू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

पण याच कामात एक धडाही आहे. इटालियनांनी रंग पक्का बसावा म्हणून लाखेचे द्रावण वापरले. काळाच्या ओघात ते पिवळे पडले, काळवंडले, आणि पुढे आपल्या रसायनतज्ज्ञांना ते मोठ्या सायासाने काढावे लागले. हे काम सर्वांत कमी दरवाल्याला देऊन भागत नाही. भिंतीजवळ उभा असलेला जाणकार काय म्हणतो, हे खरेदीच्या कागदावर यावेच लागते. आणि जाणकारालाही पुढच्या पिढीला जबाब द्यावा लागतो.

स्वातंत्र्यानंतर, १९५१ च्या कायद्याने, लेणी राष्ट्रीय महत्त्वाची ठरली आणि केंद्राच्या पुरातत्त्व विभागाकडे गेली. मराठवाडा १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. लेणी दिल्लीची, रस्ता आणि एसटी मुंबईची, अशी वाटणी झाली. राज्याच्या कचेऱ्यांना मुंबई वित्तीय नियम, १९५९ लागू झाले. कोणत्या पायरीवरच्या अधिकाऱ्याने किती खर्च मंजूर करावा, हे वित्तीय अधिकार नियमपुस्तिका, १९७८ सांगू लागली. पुढे १ डिसेंबर २०१६ ला उद्योग विभागाने कार्यालयीन खरेदीची नवी नियमपुस्तिका काढली. तिच्यात ३ लाख रुपयांवरच्या खरेदीला ई-निविदेची वाट आखून दिली होती. २०१७ पासून केंद्राच्या 'जेम' या संगणकीय बाजारातून खरेदी करण्याचे धोरण राज्यानेही घेतले.

या नियमांचा गाभा थोडक्यात असा. तरतूद नसेल तर अधिकार असूनही खरेदी नाही. मर्यादा चुकवण्यासाठी एका मागणीचे तुकडे पाडायचे नाहीत. मंजुरी देणाऱ्याने स्वतःच्या लाभाची मंजुरी द्यायची नाही. आणि सर्वांत जुना दंडक हा की, शहाणा माणूस स्वतःचा पैसा जसा जपून खर्चतो, तसाच सरकारचा खर्चावा. कौटिल्याने सरकारी धन लाटण्याचे चाळीस प्रकार मोजले होते. म्हणजे गाठी उगाच मारल्या गेल्या नाहीत. प्रत्येक गाठीमागे कुणीतरी केलेली अफरातफर आहे.

पण गाठी फार झाल्या की थैली उघडतच नाही. शाळेचे छप्पर जूनमध्ये गळते, मंजुरी थंडीत येते आणि खरेदी मार्चअखेरच्या घाईत उरकली जाते. उशिराची खरेदी ही बहुधा महाग खरेदी असते, आणि तिचा भुर्दंड ज्याला बसतो त्याची सही कुठेच नसते.

अजिंठ्यालाही याचा अनुभव आहे. जपानच्या कर्जातून अजिंठा-वेरूळ विकास प्रकल्प आला. पहिला टप्पा १९९२ चा, दुसरा २००३ चा. पुरातत्त्व, वन, रस्ते, पाणी, वीज, पर्यटन अशी अनेक खाती त्यात होती. फर्दापूर फाट्यावर खासगी गाड्या थांबवून पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसने जायचे, ही सोय त्याच काळातली, आणि तिने लेण्यांचा धूर-धुळीपासून बचाव केला. त्याच प्रकल्पातून फाट्याजवळ भव्य पर्यटक केंद्र उभे राहिले, लेण्यांच्या प्रतिकृतींसह. आणि वीज-पाण्याची बिले थकल्यामुळे तेच केंद्र काही वर्षे बंद राहिले. इमारत बांधण्याचा अखत्यार होता, दिवा लावण्याचा नव्हता. मोठी खरेदी एकदाच होते, देखभालीची छोटी खरेदी रोज करावी लागते, आणि ती जवळच्या माणसालाच करता आली पाहिजे.

अरबीतला 'अमानत' हा शब्दही मराठीने घेतला आहे. दुसऱ्याची, विश्वासाने सांभाळायला दिलेली ठेव म्हणजे अमानत. सरकारी पैसा ही अमानत आहे. ती सांभाळणारा हात अडखळू नये म्हणून त्याला पुरेसा अधिकार द्यावा. आणि तो हात घसरू नये म्हणून खरेदीचा कागद गावातल्या कुणालाही वाचता येईल असा उघडा असावा. २००५ च्या माहितीच्या अधिकाराने तो कागद मागण्याचा हक्क आपल्याला दिला आहे. शाळेचा, दवाखान्याचा, ग्रामपंचायतीचा असा एखादा कागद एकदा मागून पाहा. धर्मदत्त आणि भद्रबंधूची नावे दगडावर आजही वाचता येतात. त्या कागदावरची सही कुणाची, एवढे तरी आपल्याला वाचता यायला हवे.