समुद्रावर पोट असलेले गाव : लूनेनबर्ग

कॅनडा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गव्हाचे अफाट मळे तरी येतात, नाहीतर बर्फ. आज आम्ही ज्या गावाविषयी बोलणार आहोत तेथे गव्हाचे मळे नाहीत. अटलांटिकच्या काठी, नोव्हा स्कोशिया प्रांतात, हॅलिफॅक्सच्या नैर्ऋत्येस सुमारे १०० किलोमीटरवर एका चिंचोळ्या भूशिरावरील टेकडीवर हे लूनेनबर्ग वसले आहे. त्याच्या पुढेही बंदर आणि पाठीशीही बंदर. २०२१ च्या खानेसुमारीत येथील वस्ती २४०० च्या आतच भरली. आपल्याकडे एवढ्या वस्तीला कोणी शहर म्हणणार नाही.

गावाची स्थापना १७५३ ची. हॅलिफॅक्स वसवून इंग्रजांना चारच वर्षे झाली होती, आणि भोवतालची अकेडियन प्रजा फ्रेंच भाषा बोलणारी व कॅथलिक पंथाची. तिच्यावर भरवसा कसा ठेवावा, हा सरकारपुढे प्रश्न होता. त्यावर उपाय म्हणून जर्मन संस्थाने, स्वित्झर्लंड आणि माँबेल्यार या मुलखांतून प्रॉटेस्टंट शेतकरी जमिनीच्या आमिषाने आणले गेले. त्यांपैकी १४०० हून अधिक लोक जून १७५३ मध्ये येथे उतरले. गावाला नाव दिले ते राजा दुसरा जॉर्ज याच्या जर्मन घराण्यावरून. मात्र जागा ओसाड होती असे कोणी समजू नये. मिकमॉ लोक तिला मर्लिगेश म्हणत, आणि त्याच नावाची अकेडियन लोकांची लहानशी वस्तीही तेथे होती. नव्या वसाहतीच्या इतिहासाची पहिली ओळ पुष्कळदा अशी जुने नाव खोडूनच लिहिलेली असते. मिकमॉंनी ते मुकाट्याने मान्य केले नाही. १७५६ च्या हल्ल्यात काही वसाहतवाले प्राणास मुकले.

गावाचा नकाशा आधीच कागदावर आखलेला होता. काटकोनात छेदणारे सरळ रस्ते, चौकोनी पेठा आणि प्रत्येक घराला ४० फूट रुंद, ६० फूट लांब जागा. आखणाऱ्याने टेकडी विचारात घेतली नाही हे उघड आहे, कारण काही रस्ते असे उभे चढतात की बर्फ पडल्यावर त्यांवरून उतरणे म्हणजे घसरणेच. पण तो आराखडा आजही जवळजवळ जसाच्या तसा टिकून आहे, आणि त्याच गुणावर १९९५ साली युनेस्कोने जुन्या गावाला जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

नांगर धरणारी ही माणसे दर्यावर्दी झाली कशी, हा आमच्या मते या इतिहासातला सर्वांत मनोरंजक भाग. जमीन खडकाळ, आणि समुद्र तर दाराशी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथील दोन डोलकाठ्यांची गलबते दूरच्या ग्रँड बँक्सपर्यंत कॉड मासळीसाठी जाऊ लागली. गलबतावरून डोरी नावाच्या सपाट बुडाच्या होड्या पाण्यात सोडीत. एकेका होडीत दोघे जण बसत आणि शेकडो गळ लावलेले लांब दोर टाकून ते पुन्हा ओढीत. धुके दाटले की मूळ गलबत दिसेनासे होई, आणि मग होडी परत येईलच असा नेम नसे. मासळी गलबतावरच मिठात घालीत. किनाऱ्यावर आणल्यावर ती मांडवांवर पसरून उन्हात वाळवीत, आणि त्या कामात घरच्या बायकामुलांचेही हात असत. सुकी मासळी वेस्ट इंडीजला जाई, आणि परतताना मीठ, काकवी व रम येई. गलबताच्या मालकीचे ६४ भाग पाडीत आणि ते गावातलेच लोक विकत घेत. म्हणून एक गलबत बुडाले की ते कोणा एका धनिकाचे नसे, अनेक घरांचे असे.

आणि बुडत तर खरीच. १९२६ आणि १९२७ अशी लागोपाठ दोन वर्षे ऑगस्टच्या वादळांत सेबल बेटाजवळ लूनेनबर्गची सहा गलबते गेली, आणि त्यांबरोबर शंभरांहून अधिक माणसे.

त्याच दशकात या गावाला कीर्तीही लाभली. १९२१ साली येथील कारखान्यात बांधलेले ‘ब्लूनोज’ हे गलबत कप्तान अँगस वॉल्टर्सच्या हाताखाली अमेरिकन कोळ्यांशी लागलेल्या शर्यती जिंकू लागले. १९३७ पासून कॅनडाच्या दहा सेंटच्या नाण्यावर गलबताचे चित्र आहे. शर्यतीसाठी ते प्रसिद्ध झाले खरे, पण ते काही हौसेचे जहाज नव्हते. मासळी आणणे हेच त्याचे काम. शेवटी मालवाहू म्हणून विकले गेले आणि १९४६ मध्ये हैतीच्या खडकावर फुटले. १९६३ साली त्याची प्रतिकृती याच गावात पाण्यात उतरली.

पुढे मोठ्या यांत्रिक जहाजांनी समुद्र इतका उपसला की १९९२ मध्ये न्यूफाउंडलंडच्या आणि १९९३ मध्ये नोव्हा स्कोशियाच्या पूर्वेकडील पाण्यात कॉड पकडण्यास बंदी घालावी लागली. आज धक्क्यावर मासेमारीचे संग्रहालय आहे आणि उन्हाळ्यात प्रवाशांची गर्दी असते. रंगीत लाकडी घरे पाहून ते खूष होतात. ती घरे कोणाच्या घामाने रंगली हे संग्रहालयात शिरल्यावरच कळते. वारसा जपावा हे आम्हांस मान्य आहे, पण नुसत्या पाहुण्यांवर जगणारे गाव आणि कामावर जगणारे गाव यांत फरक आहेच.

तो फरक गावकऱ्यांनाही कळत असावा. २००१ च्या ऑक्टोबरअखेरच्या रात्री तेथील सेंट जॉन्स चर्च आगीत सापडले. १७५४ पासूनची ती जागा. नवी सोयीची इमारत उभारावी की जुनीच पुन्हा, असा प्रश्न निघाला. लोकांनी जुनीच ठरवली. आगीतून वाचलेले लाकूड जपून ठेवले, आणि २००५ मध्ये चर्च पुन्हा उघडले. वेदीवरच्या छतावर सोनेरी तारे होते, तेही पूर्वीच्या जागी पुन्हा बसवले. धक्क्याजवळ काळ्या दगडाचे स्तंभ होकायंत्राच्या आकारात उभे आहेत. त्यांवर समुद्रात गेलेल्यांची नावे कोरली आहेत, आणि वाचता वाचता तीच ती आडनावे पुन्हा पुन्हा येतात : बाप, मुलगा, भाऊ. दरवर्षी सप्टेंबरात तेथे प्रार्थना होते आणि फुलांची चक्रे वाहतात.